देवनागरीचा यंत्रप्रवेश

आचार्य आणि आचारी हे दोन शब्द घ्या. आचार्याला बोलाविले तर एक विद्वान गृहस्थ येतील. आचाऱ्याला बोलाविले तर मांडवामागे चूल पेटेल. बोलताना हा भेद मराठी कानातून सहसा निसटत नाही. 'आचार्याला' म्हणताना 'चा' या अक्षरावर जीभ जोर देते व पुढचा यकार दुहेरी झाल्यासारखा वाटतो; 'आचाऱ्याला' म्हणताना रकार यकाराला अलगद चिकटतो व कोठेही आघात येत नाही. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या सह्याद्रीतल्या, हाही भेद तोच. नभोवाणीवरून अक्षराचा आकार दाखविता येत नाही, ही या माध्यमाची उणीव. परंतु श्रोत्यांपैकी प्रत्येकाने शाळेत हे गिरविले असेल. एका शब्दात रकार रफार होऊन यकाराच्या मस्तकावर बसतो, दुसऱ्यात तो पापणीसारखी बारीक वळणदार रेघ होऊन यकाराच्या अलीकडे उभा राहतो. संस्कृतला या रेघेची गरज पडली नाही, हिंदीलाही पडत नाही. मराठीला आणि नेपाळीसारख्या मोजक्या भाषांना ती लागते.

ही रेघ संगणकात कशी शिरली, आणि शिरूनही तिची सारी सोय का लागली नाही, हे मला आज सांगावयाचे आहे. ते सांगण्यासाठी प्रथम शिशाच्या खिळ्यांच्या काळात जावे लागेल.

मराठी मुद्रणाचा आरंभ महाराष्ट्राबाहेर झाला, याचे आपल्याला आजही थोडे नवल वाटते. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले. तेथील देवनागरी खिळे पंचानन कर्मकार नावाच्या बंगाली कारागिराने पाडण्यास घेतले होते, आणि त्या एका संचासाठी सुमारे सातशे वेगवेगळे ठसे लागत होते. त्याच सुमारास दक्षिणेत तंजावरला सरफोजी राजांनी आपला छापखाना उभारला आणि १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे मराठी रूप 'बालबोध मुक्तावली' या नावाने तेथे निघाले. हुगळीच्या काठी आणि कावेरीच्या खोऱ्यात मराठी अक्षर छापले जात होते, तेव्हा पुण्यात पेशवाई नांदत होती आणि तेथे बोरूच चालत होता.

सातशे ठसे! इंग्रजी छापखान्याचे काम मोठी व लहान लिपी, अंक आणि विरामचिन्हे मिळून शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांनी खिळ्यांच्या पेट्या भरून जात. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने हा पसारा सुंदर करून दाखविला, ही गोष्ट वेगळी. पण सौंदर्य आले तरी पसारा काही आटोपला नाही. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाने राजकारणाच्या धबडग्यातून वेळ काढून खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली, यावरून हा प्रश्न किती जाचक होता ते ध्यानात येईल. पुढे सावरकरांनी लिपिशुद्धीची मोहीम हाती घेतली. इ, उ, ए ही स्वतंत्र अक्षरे टाकून अकारालाच वेलांटी, उकार, मात्रा द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. 'किर्लोस्कर' मासिकाने ती पद्धती अनेक वर्षे चालविली, आणि त्या वयात तिची सवय झालेले वाचक ती फार दिवस विसरले नाहीत. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेसाठी परिषद भरली. तिने तर ऱ्हस्व वेलांटीच अक्षराच्या डावीकडून उजवीकडे न्यावी असा निर्णय केला. लोकांच्या हाताला तो मुळीच रुचला नाही, आणि थोड्याच वर्षांत तो मागे घ्यावा लागला.

या साऱ्या सुधारकांचा हेतू शुद्ध होता, आणि त्यांची अडचणही खरी होती. तथापि त्यांच्या विचारात एक गोष्ट गृहीत धरलेली होती : यंत्र आहे तसेच राहणार, तेव्हा लिपीने वाकले पाहिजे. टंकलेखन यंत्राने तर ही सक्ती आणखी वाढविली. कळांची संख्या मोजकी, म्हणून अर्धे अक्षर एका कळीवर आणि त्याला पूर्ण करणारा काना दुसऱ्या कळीवर. अर्धा 'ख' उमटवून पुढे दंड ओढला की पूर्ण 'ख' होई. 'किती' लिहिताना आधी वेलांटी उमटवावयाची आणि मग ककार, कारण डोळ्याला ती आधी दिसते. आपण 'क्' उच्चारतो व त्यामागून 'इ' उच्चारतो. यंत्र मात्र उलट क्रम मागत होते. ही सवय हातात मुरलेल्या टंकलेखकांच्या दोन पिढ्या आपण पाहिल्या आहेत. तिचे परिणाम पुढे भोगावे लागले. त्याचे पुढे सांगतो.

आता संगणकाकडे वळू. या यंत्राबद्दल पहिली गोष्ट अशी समजून घ्यावयास हवी, की त्याच्या पोटात अक्षर नसतेच. तेथे फक्त विजेच्या दोन अवस्था असतात. त्यांना आपण शून्य आणि एक म्हणतो. शून्य-एकांच्या रांगा केल्या की संख्या होतात, आणि कोणत्या संख्येने कोणते अक्षर समजावयाचे हे माणसांनी एकत्र बसून ठरवावयाचे असते. तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टमध्ये जसा संकेत होता, तसाच हा संकेत आहे. अमेरिकेत १९६३ साली असा एक तक्ता प्रसिद्ध झाला. त्यात सात घरांच्या रांगा होत्या, आणि सात घरांत शून्य व एक यांची १२८ निरनिराळी मांडणी होते. तेवढ्यात रोमन अक्षरे, अंक, चिन्हे आणि यंत्राच्या काही आज्ञा बसल्या. योगायोग असा की त्याच १९६३ साली कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तिचा पहिला संगणक आला.

याच कानपूरला पुढे देवनागरीचे काम झाले, आणि या इतिहासातला सर्वांत विचारप्रवर्तक भाग तोच होय. प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकापासून या प्रश्नाशी झुंजत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी मोहन तांबे यांचे नाव या क्षेत्रात विशेष घेतले जाते. १९८३ साली दिल्लीला तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा कानपूरचे देवनागरी यंत्र तेथे लोकांपुढे मांडण्यात आले. पुढे पुण्यास १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तांबे तेथे आले, आणि साध्या संगणकात एक कार्ड बसविले की त्यावर भारतीय लिप्या चालाव्यात अशी सोय तेथून बाहेर पडली. तिला 'जिस्ट' म्हणत.

या मंडळींनी काय केले? त्यांनी अक्षराचा ध्वनी आणि अक्षराचा आकार यांची फारकत केली. संगणकात साठवावयाचे ते फक्त ध्वनी, आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. आकार कसा काढावयाचा हे पडद्यावर किंवा कागदावर उमटविण्याच्या क्षणी यंत्राने स्वतः नियम लावून ठरवावयाचे. 'किती' हा शब्द क, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी या क्रमाने साठतो. वेलांटी डावीकडे नेऊन ठेवण्याचे काम यंत्र करते. 'स्त्री' या शब्दात आपल्याला एकच गुंफलेले अक्षर दिसते, पण साठविताना तेथे सहा खुणा असतात : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. दोन व्यंजनांमध्ये हलन्ताची खूण आली की यंत्राने समजावयाचे, येथे जोडाक्षर आहे. म्हणजे सातशे ठशांच्या जागी शंभराहून कमी खुणा पुरल्या, आणि एकही अक्षर वाकवावे लागले नाही. वर्णांचा उच्चारस्थानांनुसार क्रम आणि व्यंजनातील अकार काढून घेणारा हलन्त या दोन्ही गोष्टी आपल्या व्याकरणपरंपरेत मुळातच होत्या. सुधारक लिपीत नवे काही घालू पाहत होते. अभियंत्यांनी तिच्यात आधीच असलेला नियम वापरला. मला वाटते, सावरकरांना हे पाहावयास मिळते तर यंत्रनिष्ठ म्हणून त्यांना आनंदच झाला असता, आणि स्वतःची लिपिशुद्धी त्यांनी कदाचित खळखळ न करता बाजूला ठेवली असती.

यातून आणखी एक लाभ झाला. बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड या साऱ्या लिप्या ब्राह्मीच्याच लेकी. तेव्हा ककाराला एकच क्रमांक द्यावा आणि तो कोणत्या लिपीत दाखवावयाचा ते वेगळे सांगावे, असा सर्व भारतीय लिप्यांचा समाईक तक्ता तयार झाला. त्याचे नाव इस्की. १९८८ मध्ये तो सुधारला गेला, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. कळफलकही समाईक झाला : डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजने, आणि ज्या कळीवर देवनागरी ककार तिच्यावरच तमिळ ककार.

त्याच १९९१ साली जगातल्या सर्व लिप्यांसाठी एकच क्रमावली निघू लागली. ती युनिकोड. तिने भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच उचलली, फक्त प्रत्येक लिपीला १२८ घरांची स्वतंत्र चाळ दिली. देवनागरीची चाळ २३०४ या क्रमांकापासून सुरू होते. त्यात ककाराचा क्रमांक २३२५. शून्य-एकांच्या भाषेत १००१०००१०१०१. बंगाली ककार त्याच्यापुढे बरोबर १२८ घरांवर, म्हणजे २४५३ वर सापडेल. गुजराती २७०९ वर, तमिळ २९६५ वर. चाळी वेगळ्या, पण प्रत्येक चाळीत ककाराची खोली तीच. आपला ळकार २३५५ वर राहतो. गुजराती, कन्नड आणि तमिळ चाळींत त्याच जागी त्यांचे ळकार आहेत. बंगाली चाळीत ती खोली रिकामी आहे, कारण बंगालीला ळकार नाही.

आणि आता आपली पापणीसारखी रेघ. तिला या तक्त्यात कोठे जागा मिळाली? तमिळमध्ये दोन रकार आहेत, एक मृदू आणि एक कठोर. कठोर रकार देवनागरीत लिहून दाखविता यावा म्हणून रकाराखाली टिंब देऊन एक खूण तक्त्यात ठेवली होती. तिचा क्रमांक २३५३. मराठीला त्या अक्षराचे पूर्ण रूप लागत नाही. तेव्हा इस्कीने ठरविले की याच खुणेला हलन्त लावला की पापणीची रेघ उमटावी. म्हणजे आचाऱ्याच्या चुलीजवळचा आपला रकार तमिळच्या घरात बिऱ्हाडकरू म्हणून राहिला. तंजावरच्या मराठी मंडळींना याचे कौतुक वाटावे. त्यांनी दोन शतकांहून अधिक काळ हेच केले आहे.

एवढ्यावर भागले असते तर उत्तम होते. परंतु युनिकोडच्या १९९६ च्या आवृत्तीत या रेघेसाठी निराळी युक्ती सांगितलेली होती : साधा रकार, त्याला हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. या चिन्हाला आकार नाही, रुंदीही नाही; त्याचा क्रमांक ८२०५. पुढे इस्कीची रीतही मान्य झाली, पण जुनी रीत काढली नाही, कारण तिने लिहिलेले लेखन तोवर अस्तित्वात आले होते. परिणाम असा, की 'दऱ्या' हा शब्द आज दोन प्रकारांनी लिहिता येतो. दोन्ही डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत, कारण त्यांच्या संख्या भिन्न. कोशात, मतदारयादीत, जमिनीच्या नोंदींत ज्यांच्या आडनावात ही रेघ आहे त्यांचा शोध घ्यावयाचा, आणि नोंदणाऱ्याने एक रीत व शोधणाऱ्याने दुसरी रीत वापरली, तर नाव डोळ्यांसमोर असूनही यंत्र 'नाही' म्हणू शकते. जेथे आज्ञावली रचणाऱ्याने हे दोन्ही प्रकार एकच मानावेत असे आवर्जून सांगितले असेल तेथेच हा घोटाळा टळतो. तसे सांगणारा मनुष्य बहुधा मराठी वाचणाराच असावा लागतो.

टंकलेखन यंत्राच्या सवयीचे मी मघाशी म्हटले. नव्वदच्या दशकात घरोघर आणि छापखान्यांत संगणक आले, तेव्हा इस्की सर्वत्र पोचली नव्हती, आणि युनिकोडप्रमाणे भारतीय अक्षरे जुळविण्याची शक्ती सामान्य यंत्रात २००० सालाच्या सुमारास येऊ लागली. मधल्या काळात टंकवर्ग विकणाऱ्यांनी सोपी वाट धरली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर त्यांनी देवनागरीचे तुकडे चिकटविले : एका जागी अर्धा खकार, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी वेलांटी. टंकलेखकांच्या बोटांना ते सरावाचेच होते. छापून कागद हाती आला की अक्षर सुरेख दिसे; पण यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतेच. प्रत्येकाचा तक्ता वेगळा, म्हणून एकाचे लेखन दुसऱ्याला वाचता येईना. माझ्या एका स्नेह्यांनी इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या आठवणी त्या काळात मोठ्या कष्टाने गोळा करून टंकित केल्या होत्या. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने तबकडी माझ्याकडे आणून दिली. उघडली तो काय, पानेच्या पाने रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे. कोणत्या टंकवर्गात ते लिहिले आहे हे कळेपर्यंत तीन महिने गेले. तो सापडला, रूपांतर झाले. काही जोडाक्षरे मात्र कायमची मोडली, आणि ज्यांच्या आठवणी होत्या ती माणसे आता विचारावयास राहिली नव्हती.

कागदाला वाळवी लागली तर ती दिसते. ही वाळवी वीस वर्षे दिसत नाही.

युनिकोडमध्येही मराठीचे सर्व मागणे एकदम पुरे झाले नाही. 'ॲ' हे अक्षर आपण बॅटमधल्या स्वरासाठी लिहितो. पहिल्या तक्त्यात त्याच्यासाठी एकारावर चंद्र दिलेले रूप होते. मराठी वळणाचे, अकारावर चंद्र दिलेले रूप २००८ साली आले आणि त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला. दुसऱ्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढून 'ॲ' आणि 'ऑ' यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले. मोडीला आणखी थांबावे लागले. श्रीरामपूरला मराठीसाठी मोडीचे खिळेही पाडले गेले होते; युनिकोडमध्ये मोडीची चाळ २०१४ साली उघडली. ७१,१६८ या क्रमांकापासून ती सुरू होते. तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी कागदांचे लिप्यंतर तेव्हापासून मोडीतच साठविता येऊ लागले. वाचणारे जाणकार थोडे आहेत, तो प्रश्न यंत्राचा नव्हे.

खर्चाचा हिशेबही येथे सांगितला पाहिजे. २३२५ ही संख्या तारेवरून किंवा तबकडीवर पाठवावयाची तर तिचे आठ-आठ घरांचे तुकडे करतात. अशा एका तुकड्याला बाइट म्हणतात. जगभर आज जी रीत रूढ आहे ती १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो; देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात. 'स्त्री' या शब्दाचे अठरा बाइट होतात. दूरध्वनीवरच्या लघुसंदेशातही असेच झाले : एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, मराठीच्या खुणा ७०. आजकाल ज्यांना कृत्रिम बुद्धी म्हणतात ती भाषायंत्रेही लेखनाचे लहान तुकडे करूनच ते वाचतात, आणि त्याच मजकुराचे मराठीत सामान्यतः इंग्रजीहून अधिक तुकडे पडतात. शिवाय ती यंत्रे शिकतात ती साठलेल्या लेखनावरून. जे मराठी लेखन त्या मधल्या काळातल्या टंकवर्गांत अडकून पडले आहे, ते त्यांना रोमन अक्षरांचा निरर्थक कचराच दिसणार.

आणि झालेली चूक सुधारावी म्हटले तर? एक गोष्ट कोणालाच करता येत नाही. १९९६ पासून युनिकोडने स्वतःवर एक बंधन घालून घेतले आहे : एकदा अक्षराला दिलेला क्रमांक काढून घ्यावयाचा नाही, हलवावयाचाही नाही. ते बंधन योग्यच आहे. क्रमांक हलला तर जगातले सारे जुने लेखन एका रात्रीत बदलेल. म्हणून पापणीच्या रेघेच्या दोन्ही रीती आता राहणार. नीरेला मिळणाऱ्या कऱ्हा नदीचे नाव यंत्रावर शोधताना ते दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहावे. एका रीतीने न आलेला लेख कधी कधी दुसरीने हाती येतो.